नागसेनवन : काही वास्तूंचे रसग्रहण

दिवाळी अंकात कवितेचे रसग्रहण असते, कादंबरीची समीक्षा असते, एखाद्या नटाच्या कारकिर्दीचा आढावा असतो. पण इमारतींचे रसग्रहण सहसा नसते. इमारतींवर लिहावयाचे ते इंजिनियरने किंवा पुराणवस्तू खात्याने, असा आपला समज आहे. लेणी, किल्ले आणि मकबरे यांच्यावर मात्र आपण भरभरून लिहितो. त्यांना वय झालेले असते, आणि त्यांच्याविषयी काही बोलले तरी भांडायला कोणी येत नाही. जी वास्तू अजून वापरात आहे, जिच्या व्हरांड्यात आजही सायकली लागतात आणि फळ्यावर आजही वेळापत्रक लिहिले जाते, तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहावयाचे आपल्या मनात येत नाही.

वास्तविक घर बांधणे ही लिहिण्याइतकीच बोलकी कृती आहे. आमच्या पोखर्णीसारख्या गावी हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मराठवाड्यातला जुना वाडा पाहा. बाहेर ढाळज, मग चौक, मग ओसरी, मग माजघर, मग देवघर. कोणी कोठवर यावयाचे हे कोठेही लिहिलेले नसे, पण ते सर्वांना पाठ असे. कोणी ढाळजेत बसे, कोणी ढाळजेच्या पायरीशी उभा राही, कोणी रस्त्यावरूनच हाक मारी. म्हणजे वाड्याची रचना हाच एक ग्रंथ होता, आणि निरक्षर माणसालाही तो वाचता येत असे. किंबहुना त्यालाच तो अधिक नीट वाचता येई. ज्या समाजात घरे अशी बोलत होती त्या समाजातून एक माणूस उठतो आणि नवी वास्तू बांधतो, तेव्हा ती वास्तूही काही बोलत असली पाहिजे. ती काय बोलते, कसे बोलते आणि कोठे अडखळते, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

ही वास्तू म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतील, आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादचे. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसली. पुढे त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि सगळ्या परिसराला नागसेनवन.

या तारखांकडे जरा पुन्हा पाहावे. कॉलेज १९५० चे, कोनशिला १९५१ ची. आपल्याकडे रीत उलटी. आधी देणगीदार, मग कोनशिला, मग समारंभ, मग इमारत, आणि सर्वांत शेवटी, जमले तर, विद्यार्थी. येथे आधी वर्ग सुरू झाले आणि भिंती मागून आल्या. ज्यांना शिकावयाचे होते त्यांच्याजवळ थांबावयास वेळ नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

वेळ का नव्हता, हे कळण्यासाठी त्या वेळचा मराठवाडा आठवला पाहिजे. निजामाच्या राज्यात आमच्या पाच जिल्ह्यांसाठी कॉलेज म्हणजे औरंगाबादेस इंटरपर्यंतची सोय. पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. ज्याच्या घरी जमीनजुमला किंवा वकिली असे त्याचे पोर तेथे जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि १९५० साली दोन दिवे एकदम लागले : नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला हे. परभणी, सेलू, जिंतूर या भागातला खेड्यातला मुलगा मॅट्रिकच्या पुढे पाऊल टाकू शकेल, ही गोष्ट तेव्हा प्रथमच शक्यतेच्या कोटीत आली. मागासलेल्या मुलुखातल्या सर्वांत मागे ठेवलेल्या माणसाची तर गोष्टच सोडा.

या भूमीशी बाबासाहेबांचा एक जुना हिशेबही होता. १९३४ साली ते आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहावयास निघाले असताना दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला : अस्पृश्यांनी हौद बाटवला! बाचाबाची झाली, गर्दी जमली, आणि किल्ला पाहावयास मिळाला तो शिपायाच्या पहाऱ्यात. कोठेही पाण्याला शिवावयाचे नाही या अटीवर. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्यानंतर सतरा वर्षांनी, त्या किल्ल्यापासून काही कोसांवर, देशाचा राष्ट्रपती त्यांच्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसवतो. या दोन प्रसंगांमध्ये नागसेनवनाचा सगळा आशय सामावलेला आहे. दुसरा कोणी असता तर त्याने त्या अपमानाचे स्मारक उभारले असते. यांनी कॉलेज बांधले.

आता नावांकडे वळू. नावे ही या वास्तूची सर्वांत सुंदर शिल्पे आहेत, असे माझे मत आहे.

मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थ हे नाव होतेच. औरंगाबादला साधे दुसरे बुद्धनाम देऊन भागले असते. पण बाबासाहेबांनी पाली वाङ्मयातला एक संवाद उचलला. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा. वादात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. शेवटी त्याला नागसेन नावाचा भिक्खू भेटला, आणि त्या दोघांची प्रश्नोत्तरे म्हणजेच 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ.

गंमत अशी की कॉलेजला नाव दिले आहे ते उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. उत्तर देणारा नागसेन ज्याच्यावर कॉलेज उभे आहे त्या जमिनीत आहे, झाडांत आहे. आणि इमारतीच्या कपाळावर आहे तो शंका काढणारा मिलिंद. या योजनेचा अर्थ मी असा लावतो : ज्या मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांना प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांनी येथे प्रथम प्रश्न विचारावयास शिकावे. उत्तरे भोवताली आहेत. ती प्रश्न विचारल्यावर भेटतील. शाळामास्तर या नात्याने सांगतो, वर्गात उत्तरे पाठ करणारी मुले पुष्कळ भेटतात, "असे का, गुरुजी?" म्हणून विचारणारे पोर वर्षातून एखादे भेटते, आणि ते बहुधा शेवटच्या बाकावर असते. त्या शेवटच्या बाकाचे नाव एका माणसाने कॉलेजला दिले.

दुसरा शब्द 'वन'. नगर नव्हे, पुरी नव्हे, आश्रमही नव्हे. बुद्धाच्या चरित्रात वने फार आहेत. जन्म लुंबिनीवनात, वर्षावास वेळुवनात आणि जेतवनात. जेतवन अनाथपिंडिकाने विकत घेतले ते जमिनीवर सुवर्णनाणी अंथरून, अशी कथा आहे. म्हणजे 'वन' हे माणसांनी जमून शिकावयाचे, राहावयाचे, चर्चा करावयाचे ठिकाण. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय फोर्टमध्ये रस्त्याला लागून, आनंदभवन आणि बुद्धभवन या इमारतींत. तेथे विद्यार्थी सकाळी येतो, शिकतो आणि कचेरीच्या वेळेला निघून जातो. ते शहरी नोकरदार विद्यार्थ्याचे कॉलेज. औरंगाबादला मोकळा माळ मिळाला, आणि माळावर बाबासाहेबांनी राहण्याचे गाव वसवले. एकाच लेखकाच्या या दोन कृती आहेत. एक नाटक, दुसरी कादंबरी म्हणा हवे तर. माझी आवड कादंबरीकडे आहे, हे मी लपवीत नाही.

याच 'मिलिंदपञ्हा'तला रथाचा दृष्टान्त पुष्कळांस ठाऊक असेल. नागसेन राजाला विचारतो, "तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? चाके म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का?" राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो; आणि मग त्याच्या ध्यानी येते की या सर्वांच्या विशिष्ट जुळणीलाच आपण रथ म्हणतो. वास्तूच्या समीक्षेला याहून चांगले सूत्र मला सापडलेले नाही. कॉलेज म्हणजे काय? भिंती का? प्रयोगशाळा का? ग्रंथालय का? प्राध्यापक का? एकेक वेगळे काढले तर हाती काही उरत नाही. मग नागसेनवनात ही जुळणी कशाभोवती झाली आहे, हे पाहावयास हवे.

माझे उत्तर असे की ती वसतिगृहाभोवती झाली आहे.

नागसेनवनातले अजिंठा वसतिगृह पाहून कोणी थक्क होणार नाही. जवळच बीबीका मकबरा आहे. त्याच्या घुमटापुढे या इमारतींचा काय पाड? पाणचक्कीच्या हौदाची शीतलताही येथे नाही. पण मकबरा मेलेल्यासाठी आहे आणि वसतिगृह जगावयास निघालेल्यासाठी, हा भेद सौंदर्यशास्त्रात कोठे तरी धरावयास नको का? शिवाय नावाचाही विचार करावा. अजिंठ्याची लेणी म्हणजे मुळात चैत्य आणि विहार. विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. आपण अजिंठ्याला चित्रे पाहावयास जातो आणि ती एके काळची वसतिगृहे होती हे विसरतो. हे नाव खोलीच्या दारावर लावले गेले, तेव्हा दीड हजार वर्षांचा दुवा जुळला.

खोली म्हणजे काय, हे बाबासाहेबांइतके कोणाला कळले असेल? त्यांचा स्वतःचा अभ्यास परळच्या चाळीत, भांडीकुंडी आणि माणसे यांनी भरलेल्या जागेत, घर निजल्यावर झाला. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. टेबल, दिवा, शेजारी मित्र आणि कोणीही जात विचारीत नाही, हा अनुभव त्यांना तेथे मिळाला. आणि १९१७ साली एवढी विद्या घेऊन ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले. ते उघडकीस आले तेव्हा काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले, आणि हा विद्वान कामाठी बागेत झाडाखाली बसून रडला. हेही त्यांनीच लिहिले आहे. त्यांच्या दृष्टीने वसतिगृह ही कॉलेजला जोडलेली सोय नव्हती. जेथून कोणी हाकलणार नाही अशी खोली म्हणजे शिक्षणाची पहिली अट होती. १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिले मोठे काम हाती घेतले ते सोलापूरच्या वसतिगृहाचे. कॉलेज पुष्कळ मागून आले.

ही परंपरा महाराष्ट्राची आहे आणि तिचा आपण अभिमान बाळगावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेक वसतिगृह काढले; १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. १९२७ साली गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. महाराष्ट्रात बहुजनांचे शिक्षण वर्गात वाढले तसे पंगतीतही वाढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडले होते. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली निघाले तेव्हापासून टस्कीगी हे नाव मराठी घरांत परके राहिलेले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली तेथे गेला आणि टाकाऊ बाटल्या-डबे जमवून त्याने प्रयोगशाळा उभी केली, हे आमच्या शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. पण टस्कीगीच्या इमारतींची कथा त्याच्याही आधीची. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ती संस्था १८८१ च्या जुलैत सुरू केली ती मोडक्या झोपडीत. म्हणजे तेथेही आधी वर्ग आणि मग इमारत. विद्यार्थ्यांनीच विटा पाडावयाच्या असे ठरले. पहिल्या तीन भट्ट्या फुकट गेल्या. चौथीसाठी पैसे नव्हते. तेव्हा वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकले, आणि चौथी भट्टी साधली. रॉबर्ट टेलर हे वास्तुविशारद मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. १८९२ साली ते टस्कीगीला आले आणि त्यांनी आखलेल्या कित्येक इमारती विद्यार्थ्यांच्या हातच्या विटांनी उभ्या राहिल्या.

नॅशव्हिल गावच्या फिस्क विद्यापीठाची कथा तर आणखी हृद्य आहे. १८६६ साली गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांसाठी ते निघाले आणि पाच वर्षांत दिवाळखोरीच्या काठावर आले. तेव्हा तेथल्या मुलामुलींचा एक गायकवृंद १८७१ साली गावोगाव हिंडला. गुलामांच्या मळ्यांवरची भक्तिगीते गात ते इंग्लंडात राणीपुढे जाऊन आले, आणि त्या पैशातून १८७६ साली 'जुबिली हॉल' पुरा झाला. गाण्यांनी बांधलेली इमारत! वाचकांनी लक्षात घ्यावे की हा जुबिली हॉलही राहण्याचीच इमारत आहे. नव्याने माणूस म्हणून जगू पाहणाऱ्यांना जगात सर्वत्र प्रथम हवे होते ते हक्काचे छप्पर.

मात्र साम्य दाखवून थांबणे ही आळशी समीक्षा होय. भेद पाहिला पाहिजे, आणि तो मोठा आहे. वॉशिंग्टन यांचा भर हातांच्या कौशल्यावर : वीटकाम, सुतारकाम, शेती. मान मागून मिळेल, आधी पोट. याला विरोध केला तो फिस्कमध्येच शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी. १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बजावले की काळ्या माणसाला उच्च विद्येपासून दूर ठेवणारे शिक्षण त्याला पुन्हा खालच्याच पायरीवर बसवील. बाबासाहेब यांपैकी कोणाच्या बाजूचे? १९४६ साली त्यांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची माहिती मागविली होती, हे प्रसिद्ध आहे. पण पत्रापेक्षा इमारती अधिक स्पष्ट बोलतात. नागसेनवनात आरंभ झाला तो कला आणि विज्ञान या शाखांनी. ज्यांच्या वाडवडिलांनी गावाची सगळी कामे हातांनी केली, त्यांना पुन्हा हातकाम शिकविण्यासाठी कॉलेज कशाला? त्यांच्यासाठी रसायनाची प्रयोगशाळा हवी, इंग्रजी काव्य हवे, राज्यशास्त्र हवे. ही निवड धाडसाची होती. तिची किंमतही पडली : विटा पाडता पाडता मुलांचे जे नाते भिंतींशी जडते, जे साताऱ्याच्या 'कमवा व शिका' योजनेत दिसते, ते येथे आपोआप जडणार नव्हते. ते दुसऱ्या वाटेने जडवावे लागले. ती वाट वाङ्मयाची.

येथे आपण माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि १९५५ च्या सुमारास ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या उपस्थितीत केले. पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेतून संशोधन करून परतले. तिकडल्या कृष्णवर्णीय लेखकांचे उदाहरण त्यांनी इकडल्या मुलांपुढे ठेवले : तुमचे दुःख तुम्हीच लिहा. १९६७ साली 'अस्मिता' निघाले, तेच पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श'. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ चा. म्हणजे अमेरिकेतल्या त्या आवारांचे आणि आमच्या मराठवाड्याचे नाते मी ओढूनताणून जोडलेले नाही. ते येथल्या माणसांनीच विचारपूर्वक जोडले. दलित साहित्य ही चळवळ कोठे जन्मली याची उत्तरे अनेक आहेत, आणि मुंबईचा वाटा कोणी नाकारणार नाही. पण जेथे खोली, दिवा, ग्रंथालय, नियतकालिक आणि ऐकून घेणारा शेजारी या पाच गोष्टी एकत्र मिळाल्या, असे एक ठिकाण नागसेनवन होते. आपले वाङ्मयेतिहासकार प्रेरणा सांगतात, प्रवृत्ती सांगतात. खोली मात्र कोणी सांगत नाही.

मराठी कादंबरीतले कॉलेज आठवून पाहा. फडके यांच्या कादंबऱ्यांत ते प्रेमिकांच्या भेटीचे ठिकाण असते. फी कोण भरतो हा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. नेमाडे यांच्या 'कोसला'त, १९६३ साली, वसतिगृह प्रथम खऱ्या अर्थाने कादंबरीत आले; पण पांडुरंग सांगवीकरला पुण्याचे ते वसतिगृह परके करते. तो घर सोडून आला आहे, आणि घर आहे म्हणून त्याला ते सोडता येते. आता यांच्या शेजारी प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे १९७९ चे आत्मकथन ठेवावे. पोरकेपण, बहिणीच्या घरचा आधार, रोजची भूक आणि तिच्यातून न सुटलेली शाळेची ओढ. असा मुलगा मिलिंदच्या आवारात पाऊल टाकतो तेव्हा तो काही सोडून आलेला नसतो. तो पोहोचलेला असतो. एकच इमारत, वसतिगृह. पण एकाला ते घरापासून तुटणे वाटते आणि दुसऱ्याला पहिले घर. हा भेद ज्या समीक्षेला दिसत नाही तिला मराठी साहित्याचा अर्धा भाग दिसत नाही, असे मी म्हणेन.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती या साहित्याच्या प्रेमापोटी आहे. आमच्या आत्मकथनांची लेखणी गावकुसाबाहेर जेवढी रेंगाळते, तेवढी वसतिगृहात रेंगाळत नाही. उपाशी बालपण सविस्तर येते. पण मेसची पहिली पोटभर ताटे, निरनिराळ्या पोटजातींची मुले एका खोलीत आल्यावरचे रुसवे, पहिल्यांदा हाती आलेले ग्रंथालयाचे कार्ड, सुट्टीत गावी परतल्यावर तेच गाव वेगळे दिसणे, हे सगळे घाईने उरकले जाते. दुःखाला वाचक मिळतो हे आम्हां लेखकांना लवकर कळले. घडण्याची कथा सांगणे अवघड, ती मागे राहिली. नागसेनवनाची मनाजोगती मोठी कादंबरी अजून आमच्या हाती यावयाची आहे. ती कोणा खोलीत राहिलेल्यानेच लिहावी.

आता एक आक्षेप. काही सज्जन विचारतात, वेगळे कॉलेज कशाला? ही वेगळी चूल नव्हे काय? याला उत्तर नागसेनवनाच्या फाटकाचे आहे. ते कोणालाही बंद नव्हते. विद्यार्थी सर्व जातींचे आले, शिक्षकही सर्व जातींचे होते. मराठवाड्यातल्या कित्येक सवर्ण शेतकऱ्यांची पोरे येथेच पदवीधर झाली. अमेरिकेतली ती विद्यापीठे निघाली कारण दुसरी दारे कायद्यानेच बंद होती. येथे दारे कायद्याने बंद नव्हती, रिवाजाने होती. आणि म्हणून येथे असे दार बांधले की ज्यातून सर्वांनी यावे, पण ज्याला आजवर मागे राहावे लागले त्याने मान खाली न घालता यावे. वाड्याच्या ढाळजेचा हा थेट प्रतिवाद आहे.

पण इमारत एकदा बांधून भागत नाही. औरंगाबादचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाहून आठ वर्षांनी धाकटे. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि मराठवाडा पेटला. नांदेडप्रमाणे आमच्या परभणी जिल्ह्यातही दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. १९७९ साली लाँग मार्च निघाला. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे एका पाटीसाठी गेली. ज्या माणसाने या मुलुखाला कॉलेज दिले त्याचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर नको, म्हणून शेजाऱ्याचे छप्पर जाळणारी माणसे कोणा परक्या देशातून आली नव्हती. त्यांतली काही त्याच्याच कॉलेजच्या सावलीत शिकली नसतील असे कोण म्हणेल? घर जाळणे हीही वास्तूवरची एक टीकाच. केवळ ती अक्षरशत्रूची टीका.

म्हणून या रसग्रहणाचा निष्कर्ष स्पष्ट सांगतो. नागसेनवन ही बाबासाहेबांची त्यांच्या ग्रंथांच्या तोडीची कृती आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे. तिचे गुण तीन : नावांची योजना, वसतिगृहाला दिलेले मध्यस्थान, आणि कला-विज्ञानाची निर्भय निवड. तिची उणीव एक : ही कृती एका माणसाच्या ध्यासावर इतकी उभी होती की १९५६ साली तो माणूस गेल्यावर तिचा पुढचा अध्याय लिहिणे पुढच्यांना सतत जड गेले. ग्रंथाची नवी आवृत्ती छापता येते. वसतिगृहाची आवृत्ती म्हणजे गळके छप्पर वेळेवर शाकारणे, नळ दुरुस्त ठेवणे, ग्रंथालयात नवी पुस्तके येणे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला हारतुरे मिळत नाहीत. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घालून ते होत नाही. इमारतीवरचे प्रेम दुरुस्तीच्या खर्चात दिसते, भाषणांत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला निघतील. दौलताबाद होईल, मकबरा होईल, पाणचक्कीवर मुले पाण्याकडे पाहत उभी राहतील. तेथून नागसेनवन जवळ आहे. अर्धा तास काढून मुलांना तेथेही न्यावे. पाहण्यासारखे घुमट नाहीत, शिल्पे नाहीत. सुट्टी असल्याने वर्गही बंद असतील. त्यांना झाडांखालून चालवावे, वसतिगृहाच्या ओळीने असलेल्या खिडक्या दाखवाव्यात, आणि दौलताबादच्या हौदाची गोष्ट किल्ल्यावर सांगितली नसेल तर ती येथे सांगावी. मग एखादे पोर विचारील, "असे का केले त्या लोकांनी?" त्या प्रश्नाला टाळू नये. कॉलेजला मिलिंदाचे नाव आहे.